धुऱ्याकडचा कोपरा

त्या दिवशी फाटक बंद होतं.

कडी घातलेली होती. कडीवरून तारेचे दोन पीळ दिलेले होते आणि ते इतके आवळलेले होते की पक्कड आणल्याशिवाय सुटले नाहीत. हे मला त्याच दिवशी दुपारी कळलं. इतकी वर्षं झाली, मी ते कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शाळेतल्या सोबत्यांना नाही. अक्काला तर नाहीच. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ती तेव्हापासून एकच गोष्ट धरून बसली आहे, की फाटक तिच्याकडून उघडं राहिलं आणि तिची मेंढरं तिच्या हातानं गेली.

मी लातूरला एका शाळेत गणित शिकवतो. बोलण्यात मी पहिल्यापासून मागं. फळ्यावर प्रमेय सिद्ध करताना जेवढं बोलतो तेवढंच. लोक त्याला सज्जनपणा म्हणतात, आणि तसं म्हणू देण्यात माझी सोय होती.

अक्काचे यजमान गेले तेव्हा तिनं पंचेचाळिशी ओलांडली होती. एकच लेक, ती लग्न होऊन निलंग्यात नांदत होती. अक्काचं सासरही त्याच बाजूला, कर्नाटकाच्या हद्दीजवळ. दिरांनी तिला जा म्हटलं नाही, पण राहा असंही कुणी म्हणालं नाही. एक पत्र्याची पेटी घेऊन ती एसटीनं मुखेड तालुक्यातल्या आमच्या गावी आली आणि आईवडिलांच्या मागं कुलूप लागलेलं घर झाडून तिथं राहू लागली. मी म्हणालो, "लातूरला ये." ती हसली. "तुझ्या दोन खोल्यांत कुठं मावू, तम्मा?" धाकट्या भावाला कानडीत तम्मा म्हणतात, हा शब्द ती सासरहून घेऊन आली होती, पेटीबरोबर. मी दुसऱ्यांदा ये म्हणालो नाही.

मेंढरं तिच्याकडं आली ती अशी. दरवर्षी सुगी झाल्यावर एक हटकर धनगर म्हातारा आपला कळप घेऊन आमच्या भागात उतरायचा. शेतकरी त्याला दोन-दोन दिवस आपल्या रानात मेंढरं बसवायला सांगत; लेंड्या आणि मूत जमिनीला मिळे, त्याला दाणे मिळत. सगळा गाव त्याला मामा म्हणायचा. एका वर्षी त्याच्या तीन मेंढ्या लंगडत होत्या, कळपाबरोबर चालवेनात. तो अक्काच्या अंगणात त्या सोडून गेला. "बाई, पाय बरे होईस्तोर बघ जरा." पुढच्या सुगीला परत आला तेव्हा तिन्ही धडधाकट होत्या आणि दोघींच्या पायांत कोकरं घुटमळत होती. म्हातारा त्यांच्याकडं बघत बिडी ओढत बसला आणि म्हणाला, "न्हेत न्हाई आता. ज्यानं हात लावला त्याची." चार वर्षांत त्यांची अकरा झाली.

आम्ही लिंगायत. गळ्यात लिंग बांधणाऱ्या बाईच्या दारात मेंढरं, याची गावात फार गंमत झाली. विहिरीवर बायका म्हणत, "अक्का, तुझ्या मेंढरांना बी इबूत लावत जा की!" अक्का म्हणायची, "लावतेच की. तुमच्यापरास शहाणी हायेत, पुसून टाकत न्हाईत." ती खरंच लावायची. दर सोमवारी आंघोळ, पूजा, आणि मग पुढं चालणाऱ्या थोरल्या मेंढीच्या काळ्या कपाळावर तीन पांढरी बोटं. कुणी टोमणा मारला की कोकरं शेवटी खाटकाकडंच जाणार ना, तर तिचं तोंड बंद होई. ती फक्त मामाला किंवा पाळणाऱ्यालाच विकायची. पाळणारा पुढं कुणाला विकतो हे तिनं कधी विचारलं नाही. आपल्याला हवं तेवढंच विचारायचं, हा आमच्या घरचा गुण आहे.

तोपर्यंत तिची मेंढरं खळ्याच्या जागेत, येड्या बाभळीचे काटे रचून केलेल्या कुंपणात असत. काटे दरसाल वाळवी खाई, ती दरसाल नवे तोडून आणी. तिच्या मनगटांवर कायम ओरखडे असायचे. मग रस्त्याच्या वरच्या अंगाला कुणीतरी कोंबड्यांची शेड टाकली. मेलेली पिल्लं ओढ्यात फेकली जाऊ लागली आणि त्यांच्यावर पोसलेल्या कुत्र्यांची टोळी तयार झाली. एका सकाळी काट्यांत भगदाड दिसलं आणि एक कोकरू नव्हतं. अक्काचा फोन आला.

"तम्मा, एक काम करशील? कुंपन करून दे मला. चांगलं. तू शिकलेला हाईस, नक्शा काढ."

आयुष्यात तिनं माझ्याकडं मागितलेली ती पहिली गोष्ट होती. आनंद झाला हे कबूल करतो. मी आलेख कागद काढला.

नंतरचे दोन महिने मी कुंपणाशिवाय कशाचा विचार केला नाही. रविवारी सकाळी लातूरहून बस धरायची, अहमदपूर, जांब करत मुखेड, तिथून गाव. टेप घेऊन खळ्याच्या जागेची चारही अंगं मोजली. काटेरी तार मी पहिल्यांदा बाद केली. ती गुरांना ठीक. मेंढरू अंग घासतं, लोकर अडकते, हिसका दिला की कातडं फाटतं. मग झटका मशीन. रानडुकरांसाठी आता शिवारभर ते लावतात, तारेला हात लागला की चटका बसतो. आमच्या शेजारच्या वस्तीवरच्या एकानं मला दाखवायला म्हणून आपल्या मेंढराला तारेकडं ढकललं. मेंढरू तारेला टेकून निवांत रवंथ करत राहिलं. "लोकर हाय न सर," तो म्हणाला, "नाक लागलं तरच कळतंय त्येला. मला मात्र दिवसातून दोनदा बसतोय." मी हसलो. ते दिवस हसण्याचे होते.

शेवटी चेनलिंकची जाळी ठरली. पाच फूट उंच, खालची एक वीत जमिनीत पुरायची म्हणजे कुत्री उकरून आत येणार नाहीत. सिमेंटचे खांब आठ-आठ फुटांवर. प्रत्येक कोपऱ्याच्या खांबाला दोन बाजूंनी तिरके टेके, कारण जाळी ताणली की सगळा ओढा कोपऱ्यावर येतो. फाटक रस्त्याच्या बाजूला, लोखंडी. हे सगळं मी कागदावर सुबक काढलं होतं.

त्या साली मामा आला तेव्हा मी त्याला कागद दाखवला. त्याला नकाशा वाचता येत नव्हता, म्हणून मी काठीनं मातीत आखला. म्हातारा उकिडवा बसून बघत राहिला.

"हे काय?" त्यानं एका टोकावर बिडी ठेवली.

"कोपरा."

"त्यो न्हाई, ह्यो. निमुळता."

"तिथं ओढ्याची बाजू आणि धुऱ्याची बाजू मिळते."

"कोपरं ठिवू नका गुरुजी. ह्यो तर मुळीच नगं." त्यानं मातीवर हात फिरवून माझी रेघ पुसली आणि बोटानं वाटोळं काढलं. "आमची वाघूर बघितलीव न्हवं? सुतळीचं जाळं, काठ्यांला बांधलेलं. गोल का आसती? मेंढरू म्हंजे पानी हाय. भ्यालं की एका अंगाला व्हातंय. गोलात फिरतंय, कोपऱ्यात साचतंय. एकावर एक. खालचं मरतंय."

"पण जाळं ढिलं असतं, मामा. रेटलं तर पडेल."

"पडावंच की! कुंपन वक्ताला पडलं पायजे. चार लांडगा न्हेतोय, बाकीची रानात सांडत्यात, जित्ती ऱ्हात्यात. तुमचं ह्ये पडनार न्हाई." मग त्याला वाटलं असावं की मास्तरला फारच बोललो. त्यानं बिडी उचलली. "पक्कंच करायचं तर करा. पर कोपरं मोडा. शिकलेल्या मानसाला जास्त काय सांगावं?"

लोह्याहून आलेला जाळीवालाही तेच म्हणाला, त्याच्या भाषेत. पूर्ण गोल केलं तर जाळीला ताण बसत नाही. पण प्रत्येक कोपऱ्यात आतून एक आडवा पट्टा मारला की काम होतं. "हा बारका कोपरा तर आपण सरळ कापून टाकू सर. दोन खांब वाढतील. जागा थोडी जाईल, ती तशी बी काय कामाची?"

मी म्हणालो, "राहू द्या. जागा लागते."

आता धुऱ्याबद्दल सांगायला हवं.

खळ्याच्या पूर्वेला माझ्या चुलत भावाचं शेत. मधला बांध, आमच्याकडं त्याला धुरा म्हणतात, रस्त्यापासून सरळ येतो आणि एका बोरीच्या झाडापाशी आमच्या बाजूला वाकतो. आजोबांनी वाटणी केली तेव्हा तो सरळ होता आणि चुलत्यानं नांगराच्या एकेका तासानं तो वाकवला, असं आमच्या वडिलांचं म्हणणं. चुलत्याचं म्हणणं, तो जन्मापासून वाकडा. हद्दीचा दगड कुणालाच सापडला नाही. या वाकणापायी दोन घरं बोलायची थांबली, आणि वडिलांनी मरताना माझ्याकडं जमीनजुमला सोपवला तसा तो अबोलाही सोपवला. जागा किती? दोन लुगडी वाळत घालता येतील एवढी. तिकोनी.

मी कुंपणाची पूर्वेची बाजू बोरीपाशी वाकवली नाही. सरळ नेली. ती सरळ नेली की पुढं ओढ्याच्या बाजूला तिरकस मिळत होती आणि तिथं तो निमुळता कोपरा तयार होत होता. कागदावर मी कोनमापक लावून पाहिला होता. तीस अंशांहूनही कमी. तो कोपरा कापला असता तर ती तिकोनी जागा जाळीच्या बाहेर राहिली असती, आणि बाहेर राहिली म्हणजे पुन्हा त्याची. सिमेंटचे खांब एकदा उभे राहिले की पुढच्या पिढीला तोच धुरा. मेंढरांचं कुंपण हे निमित्त होतं, असं मी म्हणत नाही. मला अक्कासाठी ते करायचंच होतं. पण त्या एका बाजूची रेघ मी तिच्यासाठी काढली नव्हती.

खड्डे घ्यायला सुरुवात झाली त्या दिवशी चुलत भाऊ धुऱ्यावर येऊन उभा राहिला. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. लहानपणी मी त्याला दादा म्हणत असे. माझ्याशी तो बोलणार नव्हताच. जाळीवाल्याला म्हणाला, "तुमच्या मालकाला इच्यारा, मेंढरं कोंडायलेत का जमीन?"

जाळीवाल्यानं माझ्याकडं बघितलं. मी टेप गुंडाळत राहिलो. अक्का चहा घेऊन येत होती, तिनं ऐकलं. तो गेल्यावर ती म्हणाली, "तम्मा, त्येची जागा असंल तर सोड बाबा. माझ्या मेंढरांला तेवढ्यानं काय हुतंय?"

"तुला यातलं कळत नाही," मी म्हणालो.

कुंपण झालं. गावानं येऊन पाहिलं. अक्का जाळीवर हात फिरवत सगळ्यांना सांगायची, "माझ्या तम्मानं करून दिलं. कागदावर काढून." फाटकाची कडी थोडी ढिली होती, म्हणून ती वरून तारेचे दोन पीळ द्यायची, दर वेळी, न चुकता, आणि पीळ देऊन झाला की फाटक एकदा हलवून बघायची.

ते श्रावणातल्या एका सोमवारी घडलं. मी रजा टाकून गावी आलो होतो. सकाळी तिनं थोरल्या मेंढीला विभूती लावली. पावसाची भुरभुर होती, म्हणून मेंढरं चरायला न नेता आतच ठेवली, पाला टाकला. दुपारी जेवून ती महादेवाच्या देवळात गेली. तिथं बायकांचं भजन असतं. आल्यापासून ती क्वचितच कुठं गेली होती, त्या दिवशी मीच म्हणालो, "जा की, मी आहे घरी." आणि ती गेल्यावर मी आडवा झालो.

फोनच्या आवाजानं उठलो. अनोळखी नंबर. "खळ्यावर ये. पळत." इतकंच. आवाज चुलत भावाचा होता. सात वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. माझा नंबर त्याच्याकडं आहे हे मला माहीत नव्हतं.

मी पोचलो तेव्हा फाटक सताड उघडं होतं आणि तो त्या कोपऱ्यात गुडघ्यांवर बसून एकेक मेंढरू ओढून मागं टाकत होता. कुत्री पळून गेली होती. चार मेंढरं फाटकाजवळ थरथरत उभी होती. सात कोपऱ्यात होती. सगळ्यांत खाली थोरली. तिचं तोंड जाळीत दाबलं गेलं होतं आणि कपाळावरची तीन बोटं तशीच होती. ओल्या लोकरीचा तो वास मला अजून अधूनमधून येतो, वर्गातसुद्धा.

"आत आली का कुत्री?" मी विचारलं.

"कुठली आत? भाईरनंच फिरायलती, भुकत. पाच-सहा. ही येडी सगळी हितं घुसली." त्याला धाप लागली होती. हाताच्या बोटांतून रक्त येत होतं. "मी त्या अंगाला हुतो. धावत आलो तं फाटक उघडंना. बाईनं तार अशी आवळलेली, अशी आवळलेली! घरी जाऊन पक्कड आनली. तेवढ्यात..." त्यानं वाक्य सोडून दिलं. मग जाळीच्या त्या टोकाकडं बघत म्हणाला, "हितंच कशी गेली रे सगळी?"

मी थोरलीचं तोंड जाळीतून सोडवलं. त्याला उत्तर नको होतं, किंवा माहीत होतं. तो बोटं धुवायला ओढ्यावर गेला.

मुखेडहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी एकेक उलटून पाहिलं. एकीच्या कानाला जाळीची तार लागलेली, बाकी कुठं दात नाही, जखम नाही. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "सर, गुदमरून गेलीत. कुत्र्यानं तोंड लावलेलं नाही. हा कोपरा बंद करून टाका." मी मान हलवली. कागदावर त्यांनी काय लिहिलं ते मी वाचलं नाही.

अक्का देवळातून येईपर्यंत कुणी तिला निरोप दिला नव्हता. ती रस्त्यानं हातात प्रसादाची वाटी घेऊन आली आणि पहिल्यांदा तिला दिसलं ते उघडं फाटक. मेंढरं नंतर दिसली. ती फाटकाशीच थांबली. कडी हातात धरली. खाली पडलेली तार उचलली, तिच्याकडं बघितलं, आणि हळू आवाजात मला विचारलं,

"मी लावलं न्हवतं का रे?"

त्या वेळी मी फक्त 'लावलं होतंस' एवढं म्हणायला हवं होतं. दोन शब्द. तोंडात आलेही असतील. पण त्यांच्या मागोमाग पुढचा प्रश्न येणार होता, की मग कशानं मेली? आणि त्याचं उत्तर तीस अंशांहून कमी होतं, माझ्या हातचं होतं. मी म्हणालो, "कुत्र्यांनी घात केला, अक्का."

तेवढं तिला पुरलं. बाकीचं तिनं स्वतःच जोडलं: तार दिल्यासारखी वाटली, पण दिली नसणार, देवळात जायची घाई झाली, फाटक हललं, कुत्री शिरली. दुसऱ्या दिवसापर्यंत तिला ते सगळं डोळ्यांनी पाहिल्यासारखं आठवत होतं. भेटायला आलेल्या बायकांना ती सांगत होती, "भावानं एवढं झोकात कुंपन करून दिलं, आन मला एक कडी लावता आली न्हाई." मी त्याच ओसरीवर बसलो होतो.

मेंढरं पुरायची कुठं, हा प्रश्न आला तेव्हा चुलत भावानं फावडं आणलं आणि त्या तिकोनी जागेतच खणायला लागला. "हितंच पुरू," तो म्हणाला. "आता ही कुनाचीच न्हाई." आम्ही दोघांनी मिळून खड्डा केला. लहानपणी आम्ही दोघांनी मिळून विहिरीतला गाळ काढला होता, त्यानंतर एकत्र केलेलं ते पहिलं काम. काम झाल्यावर तो फावडं खांद्यावर टाकून गेला आणि अबोला पुन्हा सुरू झाला. अक्काशी तो बोलला नाही. पिढीजात अबोल्यात बायकांशी बोलायचं नसतं. पक्कडीची गोष्ट त्यानं मला सांगितली तेवढीच.

सुगी संपल्यावर मामा आला. अक्कानं उरलेली चार मेंढरं त्याच्या कळपात घातली. तो नको नको म्हणत असताना घातली. तो कोपऱ्याकडं गेला, उकरलेल्या मातीवर उगवलेलं गवत त्यानं पायानं दाबून बघितलं. मी मागं उभा होतो.

"म्हनलं होतं न्हवं, गुरुजी?"

"हो."

"बाईला ठावं हाय?"

"नाही."

म्हाताऱ्यानं बिडी विझवून कानावर ठेवली. "मी न्हाई सांगनार," तो म्हणाला. "त्ये तुमचं काम हाय. लवकर करा. असल्या गोष्टीला बी वाळवी लागती, मग उचलाय गेलं की हातात काय येत न्हाई."

मी लवकर केलं नाही. आधी म्हटलं, दुःख ताजं आहे, ओसरू दे. मग म्हटलं, ओसरलंय, आता कशाला उकरायचं? मग म्हटलं, तिला जगात माझ्याशिवाय आहे कोण. मेंढरं गेलीच, भाऊ तरी राहू दे. हे शेवटचं कारण मला फार दिवस पटलं. त्यात मी तिच्यावर उपकार करत होतो.

दुःख ओसरलं नव्हतं. त्यानं जागा बदलली होती. अक्का देवळात जायची बंद झाली, कारण ती देवळात होती म्हणून ते घडलं. पूजा घरीच करते, विभूती स्वतःला लावते. घराची कडी ती लावते, चार पावलं जाते, परत येऊन हलवून बघते, पुन्हा जाते, पुन्हा येते. शेजारणी हसतात. मी गेलो की मला लावायला सांगते. "तू लाव तम्मा, माझ्या हाताची लागत न्हाई."

दोन वर्षांपूर्वी तिच्या लेकीचं बाळंतपण होतं. पहिलं. रीतीनं तिला माहेरी आणायचं, पण अक्का म्हणाली इथं नको, दवाखाना लांब. बरं, मग तू निलंग्याला जा. गेली नाही. लेक फोनवर रडली. मी समजूत घालायला गावी गेलो, तर अक्का ज्वारी निवडत बसली होती.

"मी गेले आन काय उघडं टाकलं तर?" ती म्हणाली. "लेकरू हाय त्ये. माझ्यावर भरवसा कसा ठिवायचा कुनी?"

"असं काही नसतं, अक्का."

"तुला काय म्हाईत? अकरा न्हाई संभाळता आली मला."

सूप तिच्या मांडीवर होतं. खडा वेचावा तसं ते वाक्य तिनं बाजूला ठेवलं. त्या क्षणी घरात आम्ही दोघंच होतो. कुणी येणार नव्हतं, बसला तीन तास होते. मी पाण्याचा तांब्या उचलला, प्यायलो, ठेवला आणि म्हणालो, "बघ, तुझी मर्जी." नात आता चालायला लागली आहे. अक्कानं तिला फोनमध्ये पाहिलं आहे. लेक एकदा घेऊन आली होती तेव्हा अक्का लांब बसून बघत राहिली, मांडीवर घे म्हटलं तर म्हणाली, "माझे हात काट्यावानी हायेत, टोचतील."

चुलत भाऊ गेल्या वर्षी गेला. शेतातच छातीत कळ आली. आमच्यात पुरतात, त्याला त्याच्याच शेतात, धुऱ्याजवळ, बोरीच्या अलीकडं बसवलं. माती द्यायला मी गेलो होतो. त्याच्या बायकोशी, मुलाशी दोन शब्द बोललो, त्यातला एकही कामाचा नव्हता. पक्कडीची गोष्ट माहीत असलेला माणूस मातीखाली गेला, आणि खरं सांगायचं तर त्या गर्दीत उभा असताना मला हलकं वाटलं. डॉक्टरांची बदली झाली. मामा दोन सुग्या आला नाही. आता ते फक्त मला ठाऊक आहे.

कुंपण अजून उभं आहे. मामा म्हणाला तसं ते पडणारं नाही. मी काम चोख करून घेतलं होतं. जाळीवर भोपळ्याचा वेल चढला आहे. त्या कोपऱ्यात मात्र अक्का काही लावत नाही. गेल्या महिन्यात मी गेलो तेव्हा तिथं गवत कमरेएवढं होतं. चुलत भावाचा मुलगा पलीकडून नांगरत आला, खांबापाशी त्यानं नांगर उचलला, वळवला आणि गेला. त्याला वाटतं धुरा तिथंच आहे.

अक्का चौथी शिकलेली. पोथीशिवाय काही वाचत नाही, आणि हे छापून आलं तरी तिच्यापर्यंत पोचणार नाही. मला हे लिहिता आलं त्याचं कारणही तेच आहे. तेव्हा याला कबुली म्हणून कुणी माझं कौतुक करू नये. जिच्यासमोर बोलायचं तिच्या पाठीमागं बोलतो आहे, इतकंच. येत्या रविवारी जाईन असं मी दर रविवारी ठरवतो. जातोही. चहा पितो, कडी लावतो, येतो.

चुलत भावाच्या घरची ती तिकोनी जागा मी देणं लागतो. आणि अक्काला एवढं सांगणं देणं लागतो की फाटक तिनं लावलेलं होतं, मेंढरं माझ्या कोपऱ्यात मेली. दोन्ही अजून दिलेलं नाही.